वरची बाजू

हार्लिंगेनच्या धक्क्यामागे शेडमध्ये
चार ओंडक्यांवर टेकलेली ल्यिप.
ल्यिप म्हणजे टिटवी. नऊ मीटर, पोलादी.
पाण्याबाहेर काढली की कुठलीही बोट म्हातारी दिसते,
पोट दिसतं ना.

आज डाव्या अंगाची तिसरी खिडकी.
अठरा स्क्रू. सोळा निघाले,
कुरकुरत, पांढरी भुकटी सांडत
(अॅल्युमिनियम आणि पोलाद, एका घरात कधी पटलं नाही).
सतराव्याचं डोकं तुटलं.
अठरावा मी डाउवेला दिला,
तो माझ्याहून हट्टी आहे.

मग चौकटीभोवती पातळ सुरी.
केसाएवढी फट, मग बोटाएवढी,
आणि थर निघू लागले.
वर सिलिकॉन, पिवळं पडलेलं, ते माझ्या भावाचं.
खाली काळं, डांबरासारखं, कुणाचं ते आठवत नाही.
सगळ्यांत आत पुटी, शिळ्या बिस्किटासारखी,
ती बाबांची.
बेचाळीस वर्षं ज्यानं त्यानं आपला लेप लावला
आणि खापर फोडलं पश्चिमेच्या वाऱ्यावर.

आई त्या खिडकीखाली झोपायची.
झोपायची म्हणजे, उशी ओली झाली
की पायांकडे डोकं करायची
आणि अंधारात म्हणायची, हेस्सेल, तुझी खिडकी.
बाबा म्हणायचे, माझी नाही, वाऱ्याची.

चौकट बाहेर उन्हात आणली. ब्रशनं धुतली.
खालच्या पट्टीत दोन बारीक भोकं असतात,
आत शिरलेलं पाणी वाहून जायला,
हे मला डाउवेनं कालच सांगितलेलं.
खालची पट्टी कोरी.
भोकं वरच्या पट्टीत.
म्हणजे इतकी वर्षं पाऊस वरून आत घ्यायचा,
खाली थेंबे थेंबे तळं साचायचं,
आणि आम्ही बाहेरून लेपावर लेप.
पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात.
इथे खिडकीच पालथी.

मागच्या अंगाला, पुटीनं जपलेला,
पेन्सिलीचा बाण.
शेजारी आमच्या भाषेत एकच शब्द, 'वर',
पहिल्या अक्षराचं पोट जरा जास्तच फुगलेलं.
ते पोट माझं.

मी नऊ वर्षांची. चौकट गवतावर आडवी.
एका बाजूला बाबा गुडघ्यांवर,
समोर मी, मांडी घालून.
वरची बाजू कुठली ते लिहून ठेव, विट्स्के,
म्हणाले, आणि स्क्रू मोजायला लागले.
मी लिहिलं, माझ्या बाजूनं.
माझ्यापासून जे लांब ते वर,
असं वाटायचं तेव्हा.

डाउवे हसला. मग थांबला.
मग पुन्हा हसला.

संध्याकाळी आईला फोन. भोकं, बाण, सगळं सांगितलं.
पलीकडे बराच वेळ नुसता कपातला चमचा.
मग म्हणाली,
"मी हेस्सेलला कधी तरी दोष दिला का?"
नाही, म्हटलं.

दुसऱ्या दिवशी गंज घासला, प्रायमर लावला,
एक रात्र तसंच ठेवलं.
ब्यूटाइलची टेप कोपऱ्यात ओढायची नाही,
नुसती बसवायची.
स्क्रू समोरासमोरचे, अर्धा अर्धा वेढा,
एकदम आवळायचे नाहीत.
टेप कडेनं बाहेर येते, दोन-तीन दिवस येत राहते,
रुसलेल्या पोरासारखी, तिच्या वेळेनं.
तेवढी कापायची. बाकी हात लावायचा नाही.

जुना बाण पुसला नाही.
शेजारी दुसरा काढला, उलट्या दिशेचा.
दोन्ही आता टेपखाली.
पुढे कुणी उघडेल, चक्रावेल.
त्याचं तो बघेल.

शनिवारी डाउवे बाहेर, नळी घेऊन.
मी आत, आईच्या जागी आडवी,
तळहात लाकडावर.
आलं का? ओरडला.
नाही.
आता?
नाही.
काचेवरून पाणी जाडजूड उतरत होतं
आणि दोन भोकांतून शहाण्यासारखं बाहेर जात होतं.
आता? आता आलं?
सांगणार होते,
तेवढ्यात कपाळावर एक थेंब पडला,
थंड, गंजाच्या वासाचा,
छतातल्या दिव्याच्या बुडाशी दुसरा लोंबत होता.